मोरपंखी डेस्कटॉपचं लिक्विड कूलिंग: प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५ – काम आणि अटी

मशीन नागपुरातल्या व्हिडिओ एडिटिंगच्या खोलीत बसणार. रंगसंगती पांढरी आणि मोरपंखी. पांढरे भाग ठरलेले आहेत: लियान ली लॅनकूल २१६ कॅबिनेट, एक्स८७० चिपसेटचा एटीएक्स बोर्ड, आरटीएक्स ५०७० टीआय कार्ड. प्रोसेसर रायझन ९ ९९५०एक्स. उरले दोन प्रश्न: मोरपंखी कुठून आणायचा आणि कूलिंग कोणतं घ्यायचं. हे दोन्ही एकमेकांत अडकतात, कारण रंगीत मशीन म्हटलं की रंग दाखवायची जबाबदारी सगळे कूलिंगच्याच गळ्यात घालतात. रंगीत पाणी, चमकणारा पंप, दिव्यांचे पंखे.

इथे एक वेगळी अट आहे. या खोलीत कलर ग्रेडिंग, म्हणजे व्हिडिओचे रंग जुळवण्याचं काम, होतं. मॉनिटरच्या मागे ६५०० केल्विनचा तटस्थ दिवा, भिंत राखाडी. शेजारच्या कॅबिनेटमधून हिरवट-निळा उजेड पडत राहिला की डोळा त्याला सरावतो, आणि पडद्यावरची त्वचा आहे त्यापेक्षा लालसर भासू लागते. मग लाल कमी केला जातो आणि दुसऱ्या पडद्यावर माणसं आजारी दिसतात. म्हणजे काम चालू असताना मशीनमधला एकही दिवा लागणार नाही, तरीही मशीन मोरपंखी दिसलं पाहिजे. रंग रंगद्रव्यातून यायला हवा, एलईडीतून आलेला चालणार नाही.

उष्णता: ९९५०एक्सचा टीडीपी, म्हणजे कूलिंगसाठी धरायचा उष्णतेचा आकडा, १७० वॅट लिहिलेला असतो, पण सॉकेटमधून मिळणाऱ्या विजेची खरी मर्यादा, म्हणजे पीपीटी, २३० वॅट. तापमानाची मर्यादा ९५ अंश. कार्डाचे ३०० वॅट वेगळे. दोन्हींवर एकदम भार आला की डब्यात ५३० वॅट. खोलीत डेझर्ट कूलर आहे, एसी नाही; एप्रिल-मेच्या दुपारी आत ३२ अंश धरायचे. परीक्षणांमधले आकडे बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत काढलेले असतात, त्यात हा फरक सरळ मिळवायचा. लिक्विड कूलिंग खोलीच्या तापमानाखाली जात नाही.

९ एप्रिल – उष्णता नेमकी कुठे अडते

निवडीआधी उघड्या बेंचवर मोजणी. द्रवाचं तापमान दाखवणारा ३६०चा एआयओ (पंप, नळ्या, रेडिएटर असा सीलबंद तयार लिक्विड कूलर; ३६० म्हणजे १२० मिमीच्या तीन पंख्यांचा), खोली ३२ अंश, प्रोसेसरवर पूर्ण भार. प्रोसेसर ९५ ला टेकला, वीज जेमतेम २३० वॅट, द्रव ४४ अंश.

एवढ्यावरून अर्धी निवड होते. एकूण चढ ६३ अंशांची. त्यातले फक्त १२ अंश पाणी आणि हवा यांच्यामधले, म्हणजे रेडिएटरच्या वाट्याचे. बाकीचे ५१ अंश चिप, तिच्यावरचं जाड धातूचं झाकण, उष्णता वाहणारी पेस्ट आणि कोल्ड प्लेट (पंपाचा प्रोसेसरला टेकणारा धातूचा तळ) यांच्यामधले. घोडं पेंड खातं ते तिथे. रेडिएटर दुप्पट केला तरी त्या १२ मधलेच काही अंश सुटतील. ५१ ला हातही लागत नाही. म्हणून ‘मोठा लूप (पाणी फिरण्याची साखळी) केला की प्रोसेसर गार’ हे या प्रोसेसरला फारसं लागू नाही. ग्राफिक्स कार्डाची चिप मोठी आणि उघडी असते, तिथे पाण्याचा फायदा जास्त दिसतो. इथे मात्र कार्ड हवेवरच राहणार.

१० एप्रिल – उमेदवार

हवेचा दुहेरी टॉवर. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई पांढऱ्यात मिळतो, उंची १५५ मिमी, कॅबिनेटमध्ये आरामात बसतो. प्रोसेसर १०५ वॅटच्या इको मोडवर, म्हणजे १४२ वॅट पीपीटीवर चालवायचा असता तर इथेच थांबलो असतो. पंप नाही, गळती नाही, दहा वर्षांनी फक्त पंखा बदलायचा. पण लांब रेंडरला १४२ वर थांबायचं नाही, आणि टॉवर बोर्डाचा निम्मा भाग झाकतो. राखीव पर्याय म्हणून यादीत ठेवला.

एआयओचे आकार. रेडिएटरचं दर्शनी क्षेत्र काढून पाहावं: २४० चं २८८ चौरस सेंमी, २८० चं ३९२, ३६० चं ४३२. म्हणजे २८० हा ३६० च्या अवघा नऊ टक्के मागे, आणि १४० मिमीचे पंखे कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतात. गोम रुंदीत आहे. छताला लावल्यावर २८० बोर्डाच्या बाजूला २० मिमी जास्त सरकतो आणि रॅमच्या डोक्यावर येतो. २४० या उष्णतेला चालेल, पण पंखे सतत वरच्या वेगात राहतील. एडिटिंगच्या खोलीत ते नको.

पडद्याचा एआयओ. एनझेडएक्सटी क्रॅकन एलिट ३६० पांढऱ्यात सुंदर दिसतो, पंपावर ६४० बाय ६४० चा गोल पडदा आहे, द्रवाचं तापमानही कळतं. पण इथे तो पडदा बंदच राहणार. बंद ठेवायच्या पडद्याचे पैसे कशाला मोजायचे? शिवाय त्याला बोर्डावरचं आतलं यूएसबी हेडर (जोडाच्या पिना) आणि एक कायम चालणारं सॉफ्टवेअर लागतं. बाद.

रंगीत द्रवाचा कस्टम लूप, म्हणजे सुटे भाग घेऊन हाताने जोडलेला. ग्राहकाने पहिल्यांदा हेच मागितलं होतं, म्हणून कारण नीट लिहून ठेवतो. फक्त प्रोसेसरचा साधा लूप धरला तरी ब्लॉकला (प्रोसेसरवर बसणाऱ्या भागाला) दोन, रेडिएटरला दोन, पंप-टाकीला दोन अशा सहा फिटिंग्ज. त्यात पाणी काढायचा टी आणि व्हॉल्व्ह. प्रत्येक जोड ही गळतीची शक्यता. मिळतं काय, तर वर काढलेल्या १२ अंशांतले तीन-चार.

खरी अडचण रंगाची. रंगीत द्रव दोन जातींचे. पारदर्शक द्रवात विरघळलेला रंग असतो. तो दिव्याशिवाय फिका दिसतो आणि मोरपंखीसारखा गडद रंग तर पातळ नळीत निळसर पाण्यासारखाच वाटतो. दुसरा अपारदर्शक, दुधाळ. त्यात न विरघळलेले सूक्ष्म कण तरंगत असतात. तो दिव्याशिवायही उठून दिसतो, आपल्याला हवा तसा. पण मशीन दोन-चार दिवस बंद राहिलं की कण खाली बसतात, आणि ब्लॉकमधल्या तांब्याच्या बारीक पंखांच्या फटी मिलिमीटरच्या काही दशांशांच्या असतात. गाळ तिथेच अडकतो, प्रवाह कमी होतो, तापमान हळूहळू चढतं. उपाय एकच: वर्षातून एक-दोनदा सगळं उलगडून ब्लॉक ब्रशने धुणं. कामाचं मशीन त्यासाठी बंद ठेवणं परवडत नाही. कस्टम लूप बाद.

जाता जाता: कस्टम लूप करणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक कधी एकत्र करू नये, अ‍ॅल्युमिनियम झिजतं. सीलबंद एआयओत हीच जोडी असते. तिथे द्रवात गंजरोधक मिसळलेलं असतं आणि ते कुणी काढत नाही, म्हणून निभतं.

१५ एप्रिल – मापं

राहिला साधा पांढरा ३६०. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर थ्री पुढे आहे. रेडिएटर ३९८ बाय १२० मिमी, जाडी ३८. बाजारातले बहुतेक एआयओ २७ मिमीचे असतात, हा जाड. पंख्यांचे २५ धरून ६३ मिमी छताखाली मोकळे लागतात. ‘३६० बसतो’ असं कॅबिनेटच्या पानावर लिहिलेलं असतं ते लांबीपुरतं. जाडीचं गणित आपलं आपण करायचं.

लॅनकूल २१६ मध्ये बोर्ड दोन उंचींवर बसवता येतो. पाण्याच्या मांडणीत मागची आय-ओची (जोडांची) चौकट आणि स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसतो ते खुंटे) खाली सरकतात आणि छताखाली जास्त जागा होते. बोर्ड चढवण्याआधीच हे करायचं, नंतर सगळं उलगडावं लागतं. पुठ्ठ्याचा ३९८ × १२० × ६३ चा ठोकळा करून आत धरून पाहिला. दोन ठिकाणी लक्ष ठेवायचं:

– रॅम. दिव्यांची उंच रॅम ४४ मिमीच्या आसपास असते, साधी ३३ ते ३५. दिवे लागणारच नाहीत, तेव्हा साधी पांढरी घेतली.
– डाव्या वरच्या कोपऱ्यातले प्रोसेसरच्या विजेचे आठ पिनांचे दोन सॉकेट. रेडिएटर बसल्यावर तिथे बोट जात नाही. केबल आधी, रेडिएटर नंतर.

जागा छताला की पुढे? पुढे लावायचा तर कॅबिनेटचे १६० मिमीचे दोन छान पंखे काढावे लागतात, आणि कार्डाला रेडिएटरमधून तापलेली हवा मिळते. छताला लावला की प्रोसेसरला कार्डाची ऊब लागते. दोन्हीत तोटा आहेच, पण कार्ड स्वतः ३०० वॅटचं असल्याने त्याला ताजी हवा द्यावी. छत पक्कं, हवा बाहेर.

छताला आणखी एक फायदा. सीलबंद एआयओत थोडी हवा असतेच आणि वर्षानुवर्षं नळ्यांतून द्रवाची वाफ झिरपत असल्याने ती वाढते. ही हवा लूपच्या सर्वांत उंच जागी जाते. ती जागा रेडिएटरची टाकी असेल तर काही बिघडत नाही. पंप असेल तर खरखर, कोरडं फिरणं आणि अकाली मरण. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला आणि पंप वर, ही मांडणी कितीही सुबक दिसली तरी करू नये.

१७ एप्रिल – रंग

मोरपंखीसाठी पावडर कोटिंगवाल्याकडच्या आरएएल पट्टीवर (रंगांना ठरावीक क्रमांक देणारी पट्टी) ५०२१ सर्वांत जवळचा ठरला. ५०१८ फिरोजी आणि उथळ वाटतो, ५०२० पार शाईकडे झुकतो. पांढऱ्याचीही पट्टी लावून पाहावी, कारण पांढरे एक नसतात: आरएएल ९०१० किंचित पिवळट, ९०१६ निळसर. कॅबिनेटचा पत्रा, पंख्याचं प्लास्टिक आणि बोर्डावरची छपाई या तीन वस्तू शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यात भरतो. तो पूर्ण जुळत नाही. मधे मोरपंखी पट्टा आला की मात्र जाणवत नाही. त्यामुळे रंगीत भाग दोन पांढऱ्यांच्या सीमेवर ठेवायचे.

काय रंगवायचं: मागच्या पीसीआय पट्ट्या, कार्डाचा आधार, खालच्या झाकणावरची स्टीलची पट्टी. पावडर कोटिंग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पिकतं, म्हणून फक्त सुटे धातूचे भाग द्यायचे. प्लास्टिकची क्लिप, रबर, चिकटपट्टी आधी काढायची. स्क्रूच्या भोकांत सिलिकॉनची बुचं लावायला सांगायचं, नाहीतर आटे भरतात.

काय रंगवायचं नाही: रेडिएटरचे पंख आणि पंख्यांची पाती. पंखांवर रंगाचा जाड थर म्हणजे उष्णतेला रजई, शिवाय फटी बुजतात. पात्यावर एका बाजूला जरा जास्त रंग बसला की तोल जातो आणि बेअरिंग खातं.

नळ्या हा या मशीनमधला सर्वांत दिसणारा भाग, रंग तिथेच हवा. एआयओची नळी दोन्ही टोकांना बंद असते, त्यामुळे नेहमीची गोल जाळी सरकवता येत नाही, आणि त्यासाठी नळी सोडवणं म्हणजे वॉरंटी आणि द्रव दोन्ही घालवणं. लांबीत चिरलेली, स्वतःवर गुंडाळणारी पीईटी प्लास्टिकची जाळी घ्यायची. आर्क्टिकच्या नळ्या ४५० मिमीच्या. दोन नळ्या आणि कातरण धरून सव्वा मीटर पुरते. टोकं उष्णतेने आकसणाऱ्या नळीने बंद करायची नाहीत, हॉट एअर गन रबरी नळीवर चालवणं धोक्याचं. कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे पुरेत. नळीतून बाहेर पडणारी उष्णता नगण्य असते, जाळीने तापमानात फरक पडत नाही.

केबल: चोवीस पिनांची आणि आठ पिनांच्या दोन, मोरपंखी विणीच्या एक्स्टेन्शन. कार्डाच्या १२व्ही-२×६ या विजेच्या जोडाला मात्र एक्स्टेन्शन नको. त्या जोडात जास्तीचा एक सांधाही तापायचं निमित्त असतो. एसएमपीएससोबत (वीजपुरवठ्याच्या डब्यासोबत) आलेलीच केबल, पूर्ण आत ढकललेली, जोडापासून किमान ३५ मिमी सरळ आणि मगच वळण. ती पांढरी किंवा काळी राहिली तर राहू दे.

२१ एप्रिल – निर्णय

आर्क्टिक लिक्विड फ्रीझर थ्री ३६०, पांढरा ए-आरजीबी. दिवे नको असूनही दिव्यांचा, कारण पांढरा त्यातच मिळतो. द्रवाच्या तापमानाचा सेन्सर यात नाही, ही उणीव. बोर्डावर दोन पिनांचं सेन्सर हेडर आहे. १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) रेडिएटरच्या धातूच्या फिटिंगवर टेपने बसवायचा. आकडा अंशभर कमी येईल, कल कळायला चालतो.

२४ एप्रिल – जोडणी

क्रम: बोर्ड खालच्या उंचीवर, विजेच्या केबल, रॅम, मग रेडिएटर, मग पंप, शेवटी कार्ड.

प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटवरचे प्लास्टिकचे दोन कंस चार स्क्रू सोडवून काढायचे. मागची प्लेट तशीच ठेवायची, कूलर तिच्याच आट्यांत बसतो. आर्क्टिकचे कंस पंपाला सॉकेटच्या मध्यापासून खाली सरकवतात, कारण रायझनमधल्या दोन्ही गाभ्यांच्या चिपा झाकणाच्या खालच्या अंगाला असतात. उलटे लावले तरी स्क्रू बसतात, तापमान मात्र बिघडतं. बाणाची दिशा पाहून लावावेत.

सोबत ०.८ ग्रॅमची एमएक्स-६ पेस्टची सिरिंज येते. अर्धी पुरते: मधे हरभऱ्याएवढा थेंब, चार कोपऱ्यांकडे बारीक ठिपके. झाकणाच्या कडेला खाचा आहेत, त्यात पेस्ट गेली तर ती वीजवाहक नसल्याने नुकसान नाही, पण पुसायला जीव जातो. कोल्ड प्लेटवरची संरक्षक फिल्म काढल्याची खात्री दुसऱ्या माणसाने करायची. स्क्रू आलटून-पालटून, प्रत्येकी दोन-दोन फेऱ्या, अडेपर्यंत.

वायरिंग: खोक्यात दोन केबल असतात. एक सगळं एकाच जोडावर आणणारी, दुसरी पंप, रेडिएटरचे पंखे आणि व्हीआरएमचा (बोर्डावरच्या प्रोसेसरची वीज सांभाळणाऱ्या भागाचा) छोटा पंखा वेगळे करणारी. दुसरी वापरायची. पंखे सीपीयू फॅनवर (ते हेडर रिकामं राहिलं की बोर्ड सुरू होताना तक्रार करतो), पंप पंपाच्या हेडरवर, छोटा पंखा सिस्टम फॅनवर. ए-आरजीबीचा जोड ५ व्होल्टचा, तीन पिना आणि मधे एक रिकामी जागा. १२ व्होल्टच्या चार पिनांच्या हेडरवर तो जबरदस्तीने बसवला की दिवे तत्काळ जळतात.

२५ एप्रिल – पहिली सुरुवात

पहिली दहा-पंधरा मिनिटं नळ्यांत खळखळ. हवा रेडिएटरकडे सरकत असते. कॅबिनेट सगळ्या बाजूंनी थोडं थोडं तिरकं केलं की लवकर थांबते. तासाभरानंतरही आवाज राहिला तर पंपाचं हेडर आणि वेग तपासायचा.

बंद डब्यात, खोली ३२ अंश. २३० वॅटवर प्रोसेसर ९५ ला टेकून वीज आपोआप खाली घेतो. मर्यादा २०० केली की ८७-८८. कार्डावरही पूर्ण भार टाकला की ९३. मर्यादा १८० केली की ८२, कार्डासह ८७. रेंडरच्या वेळेत २३० आणि १८० मधला फरक शेकडा पाचाच्या आत. १८० वर पक्कं केलं. अंश-दोन अंशांसाठी आणखी महाग कूलर शोधण्यापेक्षा हे चार बटणांचं काम जास्त देतं.

बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे प्रोसेसरच्या विजेच्या, मर्यादा हाताने लिहायच्या. एकक पाहावं: काही बोर्डांत मिलीवॅट असतात, तिथे १८०००० लिहायचे. नुसते १८० लिहिले तर मशीन रांगतं. टीडीसी आणि ईडीसी या विद्युतप्रवाहाच्या मर्यादा तशाच ठेवल्या.

२८ एप्रिल – आवाज आणि दिवे

रायझनचं तापमान एखादी फाइल उघडली तरी क्षणात पंधरा-वीस अंश उडी मारतं. पंखे त्याच्यामागे धावले की मशीन दर मिनिटाला उसासे टाकतं. द्रव तापायला मात्र मिनिटं लागतात, त्यामुळे पंख्यांना घाई नाही. पंखे थर्मिस्टरवर बांधले: ३८ अंशांपर्यंत ४० टक्के, ४२ ला ६०, ४६ ला ८५, ५० ला पूर्ण. पंप ७५ टक्क्यांवर स्थिर. पूर्ण वेगात त्याची बारीक शिट्टी ऐकू येते आणि प्रोसेसर अंशभरच खाली येतो. सुरक्षेसाठी प्रोसेसर ९० गेला की पंखे थेट १०० टक्के. मधल्या एका वेगपट्ट्यात तीन पंखे मिळून घुमतात. आलेखातून तेवढा पट्टा उडी मारून टाळला.

दिवे फक्त पाहुण्यांसाठी, एका बटणावर. स्क्रीनवर जुळवलेला मोरपंखी ०, ११०, १२० तसाच दिव्यांना दिला तर फिका, आकाशी उजेड पडतो. पडद्याच्या आकड्यांत गॅमा (आकडा आणि उजेड यांच्यातलं वक्र नातं) धरलेला असतो, एलईडी मात्र आकड्याच्या प्रमाणात सरळ उजळतो. रूपांतर केलं की ०, ४०, ४८ येतात. उजेड वाढवायचा तर हेच प्रमाण ठेवून दुप्पट करावं. रूपांतर केलं तरी गडदपणा उजेडात येत नाही, तो जाळी आणि पट्ट्यांच्याच जिवावर.

५ मे – देखभाल, सोबत द्यायचा कागद

डेझर्ट कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नये. ओलसर हवेत धूळ चिकट होते, आणि बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या कूलरची पांढरी क्षारपूड रेडिएटरच्या फटींत बसते. ती कोरड्या ब्रशने निघते, ओल्या फडक्याने थापली जाते. पुढची जाळी मे-जूनमध्ये पंधरवड्याला, एरवी महिन्याला. रेडिएटर वर्षातून दोनदा ब्लोअरने, पंखे बोटाने अडवून. मोकळे फिरू दिले तर बेअरिंगवर ताण येतो. नळीवरची जाळी मळली तर उलगडून साबणाच्या पाण्यात धुवायची, पूर्ण वाळवून परत गुंडाळायची.

त्याच भाराला, तेवढ्याच खोलीच्या तापमानात, प्रोसेसर आजच्यापेक्षा आठ-दहा अंश चढा दिसला आणि थर्मिस्टर नेहमीसारखाच असेल, तर आधी पंपाच्या फेऱ्या पाहायच्या. त्या ठीक असतील तर पेस्ट बदलायची. थर्मिस्टरही चढा असेल तर धूळ किंवा पंखा. पंपाच्या फेऱ्या शून्य दिसल्या तर मशीन बंद करायचं. बदली कूलर येईपर्यंत राखीव टॉवर, १४२ वॅट मर्यादेसह.